प्रोटीन स्किमर : फेस काढणाऱ्या नळीची पार्श्वभूमी

बडोद्यापासून समुद्र फार दूर नाही; पण खंभातच्या आखाताचे पाणी प्रवाळांच्या टाकीला कामाचे नाही. मही, साबरमती, नर्मदा आणि तापी या नद्यांचा गाळ तिथे येतो आणि देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीमुळे तो कधी नीट खाली बसत नाही. त्यामुळे दांडिया बाजारातल्या किंवा अलकापुरीतल्या घरात ज्याला प्रवाळ ठेवायचे आहेत, त्याला आरओच्या पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून समुद्र स्वतःच तयार करावा लागतो. ३०० लिटरच्या टाकीला त्यासाठी ११ ते १२ किलो मीठ लागते आणि तेवढे शुद्ध पाणी मिळवताना आरओ यंत्रातून बरेच पाणी वाया जाते ते वेगळेच. पाणी असे महाग पडू लागले की माणूस ते बदलण्यापेक्षा त्यातली घाण काढण्याचा विचार करू लागतो. प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडून त्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, समुद्रापासून दूर असलेल्या शहरांतच वाढला, यात म्हणूनच मला नवल वाटत नाही. आज दुकानात दिसणारे त्याचे आकार, त्याचे पंप आणि खोक्यावर छापलेला लिटरांचा आकडा कुठून आला हे समजले, तर विकत घेताना काय विचारायचे तेही समजते.

गुऱ्हाळात काहिलीवर येणारी मळी झाऱ्याने काढताना ज्यांनी पाहिले आहे, किंवा साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून त्याचा मळ वर आणला आहे, त्यांना या यंत्राचा हेतू वेगळा सांगावा लागणार नाही. साम्य मात्र हेतूपुरतेच आहे. काहिलीत उष्णतेने गोठलेला मळ वर येतो. टाकीचे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर असते आणि तिथे हे काम हवेच्या बुडबुड्यांना करावे लागते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, प्रवाळांचा बुळबुळीत स्राव यांतून पाण्यात जे सेंद्रिय रेणू उतरतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे आणि दुसरे पाण्यापासून पळणारे असते. असा रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन चिकटतो, बुडबुड्याबरोबर वर चढतो, फेसात सापडतो आणि यंत्राच्या अरुंद गळ्यातून वर ढकलला जाऊन माथ्यावरच्या कपात पडतो. कपात जमणारे चहाच्या रंगाचे, उग्र वासाचे द्रव हे या यंत्राचे उत्पन्न. महत्त्वाची गोष्ट ही की जिवाणूंवर चालणारा फिल्टर घाण कुजल्यानंतर कामाला लागतो आणि अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट करून थांबतो. स्किमर तीच घाण कुजण्याआधी पाण्याबाहेर काढतो.

या क्रियेचा सिद्धांत यंत्रापेक्षा बराच जुना आहे. पृष्ठभागावर पदार्थ कसे गोळा होतात याचे गणित अमेरिकी शास्त्रज्ञ जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खाणींत दळलेले खनिज फेसावर तरंगवून वेगळे करण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तोही याच कुळातला. मत्स्यालयाला या ज्ञानाचा फायदा मिळाला तो मिठामुळे. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भेटले की चटकन एक होतात. खारट पाण्यात ते एकमेकांत सहजी मिसळत नाहीत आणि बारीकच राहतात. या बारीकपणाला फार किंमत आहे. एक मिलिलिटर हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर भरतो. व्यास निम्मा केला तर तो १२० होतो, शिवाय लहान बुडबुडा सावकाश चढतो, म्हणजे रेणूला चिकटायला वेळही अधिक मिळतो. स्किमरच्या पुढच्या साठ वर्षांच्या इतिहासात याच दोन गोष्टींसाठी, म्हणजे बुडबुडा बारीक व्हावा आणि तो पाण्यात अधिक वेळ राहावा यासाठी, निरनिराळ्या युक्त्या लढवल्या गेल्या.

घरगुती स्किमर जर्मनीत घडला. बर्लिन समुद्रकाठी नाही. तिथे १८६९ मध्ये उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर सुरू झालेल्या मत्स्यालयालाही कृत्रिम समुद्रजलाचा आधार घ्यावा लागला होता. पण हौशी माणसाच्या घरात खारे पाणी टिकवणे १९६०च्या दशकापर्यंत जवळजवळ अशक्यच मानले जाई. त्या दशकात एर्विन सांडर आणि बव्हेरियातील पेन्झबर्ग येथील नॉर्बर्ट टुन्झे यांच्या कारखान्यांतून मत्स्यालयासाठी स्किमर विकले जाऊ लागले. सुरुवातीचा स्किमर म्हणजे एक उभी नळी, तळाशी हवेच्या पंपाला जोडलेला लाकडी ठोकळा आणि वर कप. ठोकळा लिंडेनच्या लाकडाचा असे, कारण त्याच्या बारीक छिद्रांतून येणारे बुडबुडे दगडी एअरस्टोनपेक्षा कितीतरी बारीक निघतात. (बर्लिनच्या त्या रस्त्याचे नाव याच झाडांवरून पडले आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) पाणी वरून खाली आणि बुडबुडे खालून वर अशी उलटी चाल ठेवली की भेट लांबते, हे लक्षात आल्यावर नळ्या उंच होत गेल्या. पण लाकूड फुगते, छिद्रे बुजतात आणि काही आठवड्यांत ठोकळा बदलावा लागतो. आज ज्यांनी फेस नुसता पाहून स्किमर चांगला ठरवला, त्यांना या कटकटीची कल्पना येणार नाही.

यंत्र तयार झाले, तरी त्याच्या भोवती टाकी कशी मांडायची हा वाद बरीच वर्षे चालला. जाकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच जिवंत खडक (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेला समुद्रातला खडक) आणि ताजे समुद्राचे पाणी एवढ्यावर, हवेच्या साध्या पंपाखेरीज काहीही न लावता, टाकी चालते असे लिहून दाखवले होते. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी उपयोगी पडली ती जी पुढे बर्लिन पद्धत म्हणून ओळखली गेली ती. पेटर विल्केन्स यांचे लेखन आणि डिट्रिश श्ट्यूबर यांच्यासारख्या बर्लिनच्या हौशी मंडळींचे प्रयोग यांतून ती १९७०च्या दशकापासून आकाराला आली. जिवंत खडक, प्रखर दिवे, चुन्याची निवळी आणि एक दमदार स्किमर. जिवाणूंचा वेगळा फिल्टर नाही. श्ट्यूबर यांनी याच मांडणीत अ‍ॅक्रोपोरा ही नाजूक फांद्यांची प्रवाळे वाढवून इतरांना त्यांचे तुकडे वाटले.

अमेरिकेत मात्र १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी रीफ’ची, म्हणजे घरातल्या छोट्या प्रवाळ-टाकीची, लाट आणली आणि त्या मांडणीचा भर प्लॅस्टिकच्या चेंडूंवरून पाणी ठिबकवणाऱ्या फिल्टरवर होता. स्मिथ्सोनियन संस्थेचे वॉल्टर एडी शेवाळाच्या गालिच्याने पाणी शुद्ध करत होते आणि त्यांना स्किमर नकोच होता. मोनाकोचे जाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची मोकळी जागा ठेवून नायट्रेट कमी करण्याची पद्धत बसवली, तिलाही स्किमरची गरज नव्हती. ठिबक फिल्टरने अमोनिया झपाट्याने संपतो, पण नायट्रेट साचत जातो, हा अनुभव आल्यावर १९९०च्या दशकात बर्लिन पद्धतीचा पगडा बसला आणि तिच्याबरोबर ‘स्किमर हवाच, आणि जितका मोठा तितका चांगला’ ही समजूतही आली. ही समजूत एका विशिष्ट टाकीपुरती खरी होती, जिच्यात स्वच्छ पाण्यातच जगणारी अ‍ॅक्रोपोरा होती आणि दुसरा फिल्टर नव्हता. ती सर्व टाक्यांना लागू केली गेली, हे तिचे दुर्दैव.

आकार बदलले ते जागेमुळे आणि विजेमुळे. हवेचा पंप आणि लाकडी ठोकळा जाऊन आधी व्हेंचुरी आली, म्हणजे पाण्याच्या वेगानेच हवा आत खेचणारी अरुंद मान. मग उंच नळीत दाबाखालचे पाणी प्लॅस्टिकच्या चेंडूंवर आपटवणारे डाउनड्राफ्ट आले. मग मूळचे तळ्यातल्या कारंज्यासाठी केलेले तोंड वापरून, त्यातून पाणी फवारून फेस करणारे बेकेट आले. दोन्ही प्रकार ताकदीचे, पण त्यांना शेकडो वॅटचे पंप लागत आणि घरात गिरणी चालल्यासारखा आवाज होई. सुईचाकाने हा प्रश्न सोडवला. पंपाच्या पंख्याच्या जागी काटेरी चाक बसवले, त्याच्या तोंडाशी हवा सोडली की ते चाक हवेचे बारीक तुकडे करून दुधासारखे पांढरे पाणी बाहेर टाकते, तेही वीस-तीस वॅटमध्ये. टाकीखालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी शुद्ध करण्याची साधने ठेवायची दुसरी टाकी, ठेवायची पद्धत पडल्यावर उंच नळी तशीही मावेनाशी झाली होती. मग रुंद, बुटके भांडे, आत खळबळ शांत करणारी छिद्रांची तबकडी, वर निमुळते होत जाणारे शंकूसारखे अंग आणि अलीकडे वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप, असे आजचे रूप आले.

या सगळ्या सुधारणांनी स्किमर किती सुधारला, याचे मोजमाप मात्र फार उशिरा झाले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनाचे मापन करून काही स्किमर तपासले. कितीही वेळ चालवले तरी स्किमर त्यातला साधारण २० ते ३५ टक्केच भाग काढतो, उरलेल्या रेणूंना बुडबुड्याचे आकर्षणच नसते, असे त्यांना आढळले. आणि निरनिराळ्या बनावटींमधले अंतर जाहिरातींच्या मानाने किरकोळ निघाले. खोक्यावर ‘६०० लिटरपर्यंत’ असे छापलेले असते, त्याला मोजमापाचा कोणताही सर्वमान्य दंडक नाही. त्या लिटरांत दोन मासे आहेत की वीस, हे खोके सांगत नाही. म्हणून आकड्यापेक्षा पंप तासाला किती लिटर हवा ओढतो, गळा किती रुंद आहे आणि टाकीत रोज किती खाद्य पडते, हे विचारणे शहाणपणाचे. रुंद गळ्याचा मोठा स्किमर थोड्या माशांच्या टाकीवर लावला तर फेसाला आधार देणारे रेणूच पुरत नाहीत, फेस गळ्यात चढतो न चढतो आणि कप कोरडा राहतो.

प्रवाळ कोणते, हा प्रश्न बडोद्याच्या माणसाने विचारायला आणखी एक कारण आहे. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेला ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच मुलूख होता आणि तिथल्या सागरी प्राण्यांची पाहणी सयाजीराव महाराजांच्या सरकारने प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत निघाला. कच्छच्या आखातातील प्रवाळ गढूळ पाण्यात आणि मोठ्या भरती-ओहोटीत तग धरणारे, मुख्यतः गोलाकार, सावकाश वाढणारे आहेत. अ‍ॅक्रोपोरा तिथून नाहीसा झाला होता. पाणी काचेसारखे निवळ असल्याशिवाय प्रवाळ जगतच नाही, हे आपल्याच किनाऱ्याने खोटे ठरवले आहे. हे प्रवाळ पाहायचे ते तिथेच, कारण १९८२ पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००१ पासून खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आली आहेत. घरच्या टाकीत मऊ, चामड्यासारखी प्रवाळे असतील तर त्यांना थोडे सेंद्रिय द्रव्य पाण्यात राहिलेले मानवते, आणि तिथे बर्लिनच्या मापाचा स्किमर हा खर्चच ठरतो.

उरते ती इथली हवा आणि इथली वीज. पाणी २५ अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्यात विरघळणारा प्राणवायू लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅमवरून सव्वासहावर येतो. मे महिन्यात, पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला असता, स्किमरने घातलेली हवा माशांना जगवते, आणि त्या दिवसांत मला त्याचे हे काम फेसापेक्षा मोठे वाटते. दारे-खिडक्या लावून एसी चालवला की खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, तोच स्किमर पाण्यात ढकलतो आणि पाण्याचा पीएच घसरतो. हवेची नळी खिडकीबाहेर काढायला जागा ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. सम्पमधले पाणी उन्हाळ्यात झपाट्याने आटते आणि पातळी दोन सेंटिमीटर हलली तरी फेसाची उंची बदलते, म्हणून स्किमरच्या कप्प्याची पातळी आडव्या पट्टीने स्थिर ठेवावी लागते. वीज जाऊन परत आली की टाकीचे पाणी सम्पमध्ये उतरलेले असते आणि स्किमर काही मिनिटे बेफाम फेसाळतो. आमच्याकडे एकदा कप वाहून दिवाणखान्यातली सतरंजी आठवडाभर गच्चीवर ठेवावी लागली. तेव्हापासून कपाच्या तळाला नळी जोडून ती झाकणाच्या बरणीत सोडली आहे, आणि नवा स्किमर पाहताना कपाला तशी तोटी आहे का हे मी लिटरांच्या आकड्याआधी पाहतो.