घाट उतरून येणारी महागाई

सिलेंडर महागला, तेल महागलं, एसटीचं तिकीट वाढलं, काहीही होऊ दे, कोकणात बोलणं पाच मिनिटांत मुंबई-गोवा हायवेवर येतंच. बाहेरच्या माणसाला वाटतं ह्यांना एकच विषय माहितीये. पण त्याच्या मागे बराच जुना हिशोब आहे, आणि तो कळला नाही तर इथल्या लोकांचा पुढाऱ्यांवरचा राग नेमका कशावर आहे तेही कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे इथं पिकतं काय? भात, नाचणी, आंबा, काजू, नारळ, सुपारी आणि समुद्रातली मासळी. बाकी सगळं आणायचं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारात टोमॅटो, कोबी बेळगाव नाहीतर कोल्हापूरकडचा, कांदा-बटाटा घाटावरचा, तूरडाळ त्याच्याही पलीकडची. आंबोली, फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली ह्या घाटांतून टेम्पो उतरला की भाजी, आणि 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी महिनोन्‌महिने बंद होता तेव्हा गाड्या दुसरीकडून वळसा घालून येत होत्या, त्या वळशाचं डिझेल शेवटी गिऱ्हाईकाच्याच खिशातून जाणार ना. अलिबागचा पांढरा कांदा आहे म्हणा, 2022 मध्ये त्याला जीआय मानांकन पण मिळालं, पण तो माळेनं घेऊन टांगायचा, रोजच्या कालवणाला कुणाला परवडतोय.

म्हणून देशात कांद्यावर निवडणुका फिरल्या तसं इथं कधी झालं नाही. 1980 ला इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावावर प्रचार केला, 1998 ला दिल्लीत भाजपची सत्ता गेली त्यात कांद्याचा मोठा हात होता. घाटावर कांदा महागला तर निदान शेतकऱ्याच्या घरात दोन पैसे येतात, म्हणजे एक रडतो तेव्हा दुसरा हसतो. कोकणात हसणारा कुणी नसतोच. सगळेच विकत घेणारे, त्यामुळे भाव वाढला की राग भावावर निघत नाही, वाटेवर निघतो, आणि वाट ज्याच्या हातात त्याच्यावर.

भाताचं तरी आपलं होतं का? खोतीच्या काळात तेही नव्हतं. पिकवायचं कुळानं आणि मोठा वाटा खोताच्या खळ्यात. अलिबागजवळ चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं खोतांची जमीन कसायचीच बंद केली, आणि तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं! आज एक दिवसाचा बंद दुपारपर्यंत टिकत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं, कायदा मात्र 1949 ला झाला. पुढारी कसा असावा ह्याची रायगडातल्या जुन्या लोकांची मापं तिथून आलीत, शेतकरी कामगार पक्ष त्या भागात इतकी वर्षं टिकला त्याचं मूळही तेच.

आणि तरीही तांदूळ पुरत नव्हताच. बाहेरून यायचा, त्यात ब्रह्मदेशचा पण होता. मार्च 1942 मध्ये जपाननं रंगून घेतलं आणि ती वाटच बंद झाली, पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. साठच्या दशकात अमेरिकेतून पीएल 480 ह्या मदत योजनेतून आलेला गहू आणि लाल मायलो ज्वारी रेशनवर मिळायला लागली, आता भात खाणाऱ्या माणसाला मायलोची भाकरी म्हणजे काय शिक्षा ते ज्यांनी खाल्लीये त्यांनाच विचारा.

तेव्हा रस्ते असे नव्हतेच, होती ती आगबोट. शेफर्ड कंपनीच्या बोटींना पर्याय म्हणून स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांची कंपनी निघाली, तिला सगळे ‘माझी आगबोट कंपनी’च म्हणायचे. नावातच काय ते आलं. तिचीच रामदास बोट 17 जुलै 1947 ला रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईला जायची वाट हा इथं जिवाचा प्रश्न का होता ते ह्यावरून समजावं.

कारण घर चालायचं मुंबईच्या मनिऑर्डरीवर. गिरणीत एक माणूस, गावाला पाच-सहा तोंडं. म्हणजे भाव वाढले तर त्याचा चटका गावात बसायचा पण त्याविरुद्धचा आवाज मुंबईत उठायचा. 1972 चा दुष्काळ आणि त्यानंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर वगैरे बायकांनी वेगवेगळ्या पक्षांच्या असून एकत्र येऊन महागाईविरुद्ध जे लाटणं मोर्चे काढले, थाळ्या वाजवल्या, ते सगळ्यांना माहिती आहेत. रॉकेल, तेल, साखर ठरल्या भावात मिळायलाच पाहिजे, एवढी साधी मागणी. गिरणगावातल्या चाळींत कोकणातली घरं भरपूर होती, तेव्हा ते लाटणं आमचंसुद्धा होतं असं म्हणायला हरकत नाही. मंत्र्याला गाठून जाब विचारायचा, दुसऱ्या दिवशी परत रांगेत उभं राहायचं. राग होता पण त्याला पत्ता होता.

मग आला जानेवारी 1982, आणि माझ्या मते हा एक महिना नीट बघितल्याशिवाय कोकणाचं राजकारण समजत नाही. बॅरिस्टर अंतुले, आंबेतचे, कोकणातून मुख्यमंत्री झालेला माणूस. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 ला त्यांनी केला, संजय गांधी निराधार योजना त्यांची, गावातल्या एकट्या म्हातारीला महिन्याला चार पैसे मिळायला लागले ते त्यांच्यामुळं. आणि त्याच काळात सिमेंट कंट्रोलमध्ये होतं, कोटा मिळाल्याशिवाय घराचं जोतं बांधता येत नव्हतं, तेव्हा बिल्डरांना कोटा आणि त्यांच्या ट्रस्टला देणग्या असं ते प्रकरण निघालं, हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि 12 जानेवारीनंतर त्यांना जावं लागलं. पुढं खटल्यातून त्यांची सुटका कशी झाली तो वेगळा लांबडा विषय. पण लोकांनी एवढंच बघितलं की टंचाई आपल्याला आणि वजन दुसऱ्याला. आजही गावात दोन माणसं बसली तर एक म्हणतो त्यांनी खाल्लं आणि दुसरा म्हणतो पण दिलं पण ना बाबा. हे ‘दिलं पण ना’ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यानंतर आठवडासुद्धा नाही, 18 जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच नाही, गिरण्याच संपल्या. मनिऑर्डर थांबली आणि चाकरमानी परत आला, तेव्हा महागाई पहिल्यांदा थेट गावच्या अंगावर आली, मध्ये मुंबईची भिंत राहिली नाही.

सगळ्याच पुढाऱ्यांना शिव्या पडल्या असंही नाही हं. राजापूर मतदारसंघानं आधी बॅरिस्टर नाथ पै आणि 1971 पासून सलग पाच वेळा मधु दंडवते निवडून दिले. रेल्वेसाठी दंडवत्यांनी आयुष्य घातलं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना 1990 मध्ये कोकण रेल्वेची कंपनी झाली. आणि 1991 ला लोकांनी दंडवत्यांना पाडलं! ह्याचं कारण मी आजवर दहा जणांकडून दहा वेगळी ऐकलीत. रेल्वे पूर्ण धावायला लागली ती 26 जानेवारी 1998 ला. वर्षभरात भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला न्यायची सोय झाली, म्हणजे माल आमच्या दारावरून जातोय आणि भाजी अजून घाटातूनच येतेय.

विजेचं पण तसंच. गुहागरजवळ एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प आला, 1995 च्या प्रचारात ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणून मतं घेतली, युतीचं सरकार आल्यावर करार रद्द केला आणि काही महिन्यांत नव्यानं बोलणी करून परत केला. 1999 ला वीज सुरू झाली, एका टप्प्यावर युनिटमागे सात रुपयांच्या वर दर गेला आणि 2001 मध्ये वीज मंडळानं ती घेणंच थांबवलं. कुठल्याही पक्षाच्या घोषणेवर इथला म्हातारा माणूस नुसती मान हलवतो आणि सुपारी कातरत बसतो, त्याचं कारण हे आहे.

हायवेचं नव्यानं काय सांगायचं. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, दर गणपतीच्या आधी मंत्र्यांचा पाहणी दौरा आणि नवी तारीख.

आता अलीकडचं. मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोल शंभरी पार, मे 2022 मध्ये सिलेंडर हजाराच्या वर. उज्ज्वलाची टाकी कोपऱ्यात आणि चूल परत पेटलेली, तसंही काजू-आंब्याचा लाकूडफाटा घरचा असतो म्हणून निभावलं. पण बंदरावर काय करणार? मार्च 2022 मध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल एकदम लिटरला 25 रुपयांच्या आसपास वाढवलं, आणि मच्छीमार सोसायट्या घाऊक ग्राहकात मोडत होत्या, म्हणजे गावाबाहेरच्या पंपापेक्षा सोसायटीचं डिझेल महाग झालं. आणि डिझेलवरचा कर परत मिळायचा तो परतावा तर कायम थकलेलाच असतो. होडी बाहेर काढली तर तोटा, नाही काढली तर खलाशांचा पगार. ह्याच वर्षी जूनमध्ये सत्तांतर झालं आणि पुढं विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ सुरू झालं. फुटलेल्या आमदारांनी पैसे घेतले असा आरोप होता, सिद्ध काही झालं नाही, पण ज्याच्या घरात सिलेंडरला हजार रुपये जमत नव्हते त्याला सिद्ध व्हायची वाट बघायची गरज वाटली नाही. शिमग्यात बोंब मारायला लोकांना आयता विषय मिळाला, दशावतारातला शंकासुर तर असल्या गोष्टींवरच जगतो.

सरकारला हे कळत नाही असं समजू नका. त्याच वर्षी दिवाळीला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा आला, मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, ऑगस्टमध्ये राखीची भेट म्हणून सिलेंडर 200 रुपयांनी खाली, जुलै 2024 पासून लाडकी बहीण महिन्याला 1500, निवडणुकीत 2100 चं आश्वासन. नोव्हेंबरचा निकाल सगळ्यांनी बघितला. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, मग लाडकी बहीणची छाननी आणि ई-केवायसी. ‘दिलं पण ना’ म्हटलं होतं ते हेच. आधी बायका रॉकेल ठरल्या भावात द्या म्हणायच्या, भाव हा सगळ्यांचा असतो म्हणून सगळ्या एकत्र यायच्या. पैसे खात्यात आले की माझे आले, तुझे का नाही आले ते तू बघ. मला 1500 नको असं मी म्हणत नाही, ज्या घरात ते जातात तिथं त्यांची किंमत फार मोठी आहे, पण मोर्चाची गोष्ट त्यात संपली हे खरं.

आणि जाब विचारायचा तरी कुणाला? गावातल्या माणसाला आमदार भेटतो लग्नात नाहीतर बाराव्याला. हाताशी असायचा तो जिल्हा परिषदेचा मेंबर, त्याला नाक्यावर धरून रस्त्याचं, पाण्याचं, शाळेचं सुनावता यायचं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेरीत निवडणुका अडकल्या आणि पुढची काही वर्षं प्रशासक, म्हणजे नेमकी महागाईची ती सगळी वर्षं. साहेब मिटिंगला गेलेत, सोमवारी या. लोक मग गावच्या देवाला, रवळनाथाला गाऱ्हाणं घालून मोकळे, होय म्हाराजा.