ओटीपी नक्की कुणाच्या मोबाईलवर जातोय?

"आधारची प्रिंट तेवढी द्या, दोन मिनिटांचं काम आहे." रोज पाच-सहाजण असं म्हणत आमच्या प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मच्या काउंटरवर येतात. आम्ही नंबर टाकतो, ओटीपी जातो आणि मग खिसे चाचपणं सुरू होतं. "आलाच नाही की ओ!" येणार कसा? आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलंय. मागं स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊन पोरं ताटकळलेली.

मध्यंतरी गारगोटीकडचे एक काका आले. त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावला, तर इचलकरंजीच्या एका पोरानं उचलला. "आत्ताच मेसेज आलाय, सांगू का आकडा?" पोरगं भलं होतं म्हणून ठीक. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या आधारचे, कधी बँकेचेही ओटीपी परक्याच्या हातात. आम्ही तो आकडा घेतला नाही, काका रागावून गेले. पण दुसऱ्याच्या मोबाईलवरचा ओटीपी आम्ही वापरत नाही, आणि तुमचाही तुम्हीच टाकायचा, आम्हाला मोठ्यानं सांगायचा नाही.

सिम बदललं की आधी बँकेत नवा नंबर द्या, मग आधार केंद्रावर अंगठा देऊन तिथलाही बदला. त्याला कागदपत्रं लागत नाहीत. ते काम आमच्याकडं होत नाही, अपॉइंटमेंट मात्र काढून देतो.

"मागच्या वेळची पीडीएफ तुमच्याकडं असेल की!" नसते. व्हॉट्सॲपवर आलेलं आधार प्रिंट होताच तुमच्यासमोर डिलीट करतो. त्या फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. तुम्हाला ओळखणारा कुणीही तो सहज लावेल. म्हणून फाईल ग्रुपवर तर टाकूच नका. (हो, फॅमिली ग्रुपवरसुद्धा.)

ओळख दाखवायला बऱ्याच ठिकाणी मास्क आधार पुरतं. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले, शेवटचे 4 दिसतात. दर तोच, फक्त आधी सांगा. झेरॉक्स कुठं देणार असाल तर तिरकी रेघ मारून 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहा. पेन काउंटरला दोरीनं बांधून ठेवलाय तो त्यासाठीच.

तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं. आम्ही हे फुकट बघून देतो, दुपारी दोन ते चार गर्दी नसताना या. अंगठ्याचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारसाठी तुमचा ठसा परक्याला वापरता येऊ नये म्हणून घालायचं कुलूप, कसं करायचं तेही तेव्हाच दाखवू. फसवणुकीत पैसे गेलेच असतील तर आमच्याकडं येण्याआधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, तिथं प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

येताना आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून आणा. तो पोराकडं पुण्यात असेल, तर पोरगा गावी येईल तेव्हाच या.