चिखलात चालणारी ट्रॉली कशी निवडावी

पावसात भिजलेल्या मैदानावर महोत्सव असला की गाडीतळापासून तंबूच्या जागेपर्यंतचे अंतर नुसते चालायचे नसते, सामान ओढत कापायचे असते. तंबू, झोपण्याच्या पिशव्या, गाद्या, शेगडी, खाणे आणि पाणी असे सगळे मिळून चार जणांचे सामान सहज 60 ते 80 किलो भरते. ट्रॉलीवर ‘क्षमता 80 किलो’ किंवा ‘100 किलो’ असे छापलेले असते. तिचा सांगाडा किती भार सोसेल, एवढेच त्या आकड्यावरून कळते. तेवढा भार चिखलातून माणसाला ओढता येईल की नाही, हे चाके ठरवतात, आणि त्यातही सर्वांत आधी चाकाचा व्यास.

डांबरी रस्त्यावर चाकाला होणारा विरोध भाराच्या साधारण दोन टक्के असतो. म्हणजे भरलेली 70 किलोची ट्रॉली तिथे दीड किलोच्या ओढीने चालते. मऊ, ओल्या मातीत तोच विरोध 20 ते 30 टक्क्यांवर जातो आणि त्याच ट्रॉलीला 14 ते 21 किलोची ओढ लागते. चालता चालता माणूस बराच वेळ लावू शकतो ती ओढ साधारण 10 ते 15 किलोंची, तीही बुटांना पकड मिळाली तर. घसरत्या जमिनीवर ट्रॉली अडकण्याआधी बहुधा ओढणाऱ्याचेच पाय सरकतात.

एवढा विरोध येतो कुठून? रुतलेले चाक पुढे जाताना समोरची माती सतत दाबत असते. मागे उरलेली चाकोरी म्हणजे आपली खर्च झालेली ताकद. चाकोरी जितकी खोल, तितकी मेहनत जास्त. मऊ जमिनीवर चाक कसे रुतते याचे गणित पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मिएचिस्वाव बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडले. 1971 मध्ये चंद्रावर चाललेल्या अमेरिकी गाडीच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. त्या गाडीची तारेच्या जाळीची चाके सुमारे 81 सेंटिमीटर व्यासाची आणि 23 सेंटिमीटर रुंद होती.

बेकरांच्या सूत्रात नेहमीच्या मऊ मातीचे गुणधर्म घातले की ट्रॉली घेणाऱ्याच्या कामाची तीन उत्तरे मिळतात. चाकाची रुंदी दुप्पट केली तर विरोध 20 ते 30 टक्के घटतो. व्यास दुप्पट केला तर जवळजवळ 40 टक्के घटतो. आणि भार दुप्पट केला तर ओढ दुप्पट न होता अडीच ते पावणेतीन पट होते. म्हणून 80 किलोंची एक खेप रेटण्यापेक्षा 40 किलोंच्या दोन खेपा खरोखर कमी कष्टाच्या ठरतात, परतीचे रिकामे चालणे धरूनसुद्धा. अंतर फारच मोठे असेल तर ओढायला दुसरा माणूस घ्यावा, पण भार वाढवू नये.

खड्डे, मुळे, केबल झाकायच्या पट्ट्या अशा अडथळ्यांवर व्यासाचा फरक आणखी ठळकपणे दिसतो. अडीच सेंटिमीटर उंचीची कड ओलांडायला 10 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या पावणेदोन पट आडवी ओढ लागते. 30 सेंटिमीटरच्या चाकाला दोन तृतीयांश भाराइतकी पुरते. सामान वाहायची दोन चाकी उभी हातगाडी आणि सुटकेसखालची चाके मैदानावर निकामी होतात ती यामुळेच.

मग घ्यावे काय? कापडी, घडीच्या चौचाकी ट्रॉलीला सहसा 17 ते 20 सेंटिमीटरची प्लॅस्टिकची चाके असतात. ओलसर गवतावर ती चालतात, खऱ्या चिखलात नाही. घडीचीच हवी असेल तर निदान 8 ते 10 सेंटिमीटर रुंद चाकांची घ्यावी आणि भार 40 किलोंच्या आत ठेवावा. बागकामाच्या चौचाकी गाडीला साधारण 25 सेंटिमीटर व्यासाचे हवेचे टायर असतात. चिखलासाठी माझी पहिली पसंती तिलाच. शिवाय तिची मागची चाके पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात. पहिल्या चाकाने माती बरीचशी दाबून ठेवलेली असल्यामुळे मागच्यांना विरोध कमी होतो. तिचा तोटा म्हणजे स्वतःचे वजन, पोलादी सांगाड्याचे 20 किलो किंवा त्याहून जास्त. दोन मोठ्या चाकांची, 40 सेंटिमीटरच्या आसपास टायर असलेली गाडीही तोडीस तोड चालते, फक्त भार आसाच्या, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्याच्या, बरोबर वर यायला हवा. सायकलमागे जोडायच्या गाडीची चाके मोठी असली तरी अरुंद असतात. वर पातळ चिखल आणि खाली टणक जमीन असेल तर ती चिखल कापत तळापर्यंत जाऊन छान चालतात, पण खोल मऊ मातीत सुरीसारखी आत शिरतात. स्वतःभोवती गरगर फिरणारी छोटी पुढची चाके असलेली कोणतीही गाडी टाळावी. चिखलात ती आडवी वळून नांगर टाकल्यासारखी अडकतात.

हवेच्या टायरचा खरा फायदा हवा कमी करता येण्यात आहे. टायरवर 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) लिहिलेले असले तरी मैदानावर 8 ते 10 पुरतात. अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा आत जायला हवा. त्याने जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि चाक कमी रुतते. फार हवा काढली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. बिनट्यूबचा टायर असेल तर त्याची कड रिमवरून सुटून सगळी हवा एकदम जाते. म्हणून छोटा पंप सामानात वरच ठेवावा. भरीव फोमच्या टायरला पंक्चरची भीती नाही, पण त्याचा ठसा लांबवता येत नाही.

चिखलाची जातही पाहावी. माती किती ओली असताना मळता येते आणि किती ओली असताना वाहू लागते, त्या पाण्याच्या सीमा स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट आटरबर्ग यांनी 1911 मध्ये ठरवल्या. चिकणमाती सर्वांत जास्त चिकटते ती या दोन अवस्थांच्या मधल्या टप्प्यात. भर पावसातला पातळ चिखल चाकावरून गळून जातो. पाऊस थांबून मैदान वाळू लागले की तोच चिखल थरावर थर चढवत चाकाला धरतो. चाक आणि सांगाडा यांच्यातली फट भरली की चाक फिरायचे थांबते आणि ट्रॉली घसरगाडी होते. ही फट सगळ्या बाजूंनी निदान तीन सेंटिमीटर हवी, म्हणजे दोन बोटे सहज जावीत. हँडल पूर्ण वळवूनही ती मोजावी, कारण पुढची चाके बहुतेक तिथेच घासतात. खोल खाचांच्या टायरपेक्षा साधा, उथळ रेषांचा टायर चांगला. ओढल्या जाणाऱ्या चाकाला पकडीची गरज नसते, आणि खाचा नुसती माती साठवतात.

ट्रॉलीचे पोट जमिनीपासून निदान 15 सेंटिमीटर वर हवे. इतरांच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या त्याहून खोल असतील तर पोट घासते आणि चाके लटकतात. तिथे चाकोरीत न शिरता तिच्या दोन्ही कडांवर चाके ठेवून चालावे.

मोडतोड बहुतेक आसाशी होते. आस 10 मिलिमीटरहून बारीक असेल तर एका खड्ड्यात वाकते आणि चाके आतल्या बाजूला झुकतात. चाक नुसत्या दाबून बसवलेल्या टोपीने धरलेले असेल तर घेऊ नये. वॉशर आणि स्प्लिट पिन (भोकातून घालून टोके वाकवायची पिन) असलेली जोडणी हवी, आणि चार जादा पिना खिशात. चाकाचा मधला भाग, म्हणजे प्लॅस्टिकचा तुंबा, थेट लोखंडी आसावर फिरत असेल तर मातीची कणी त्याला खाऊन ढिला करते. बेअरिंग असलेले चाक थोडे महाग पडले तरी घ्यावे.

हँडल निदान एक मीटर लांब हवे, नाहीतर ट्रॉली टाचांवर आदळते. ओढण्याचा कोन थोडा चढा असला तरी फारसा फरक पडत नाही. ढकलण्याने मात्र पडतो. हँडल 35 ते 40 अंशांत तिरके धरून ढकलले की जोराचा काही भाग चाकांना आणखी खाली दाबतो आणि ओढण्याच्या जवळजवळ दीडपट बळ लागते. सोबत्याने मागून रेटू नये, पुढे दुसरा पट्टा बांधून तोही ओढावा.

पाण्याचे कॅन आणि डबे तळाशी, आसांच्या मधोमध ठेवावेत, तंबू वर. चाकांमधले आडवे अंतर 50 सेंटिमीटर आणि भाराचा मध्य 60 सेंटिमीटर उंचीवर असेल तर 22–23 अंश कलताच ट्रॉली उलटते. एक चाक 15 सेंटिमीटर खोल चाकोरीत गेले तरी 17 अंशांचा कल होतो, आणि धक्का बसला तर उरलेले अंतर तोच भरून काढतो. तोच मध्य 40 सेंटिमीटरवर आणला तर मर्यादा 32 अंशांपर्यंत जाते. वर ताणपट्ट्यांनी सगळे घट्ट बांधावे.

रुतल्यावर हिसके देऊ नयेत. प्रत्येक हिसक्याने चाकासमोर मातीची छोटी भिंत उभी राहते. मागे, आपल्याच चाकोरीत अर्धा मीटर सरकवून घ्यावे, काठीने किंवा तंबूच्या खुंटीने चाके खरवडावीत आणि दुसरी वाट धरावी. चिखल फारच खोल असेल तर प्लॅस्टिकचे सपाट तळाचे टब दोरीने ओढणे कोणत्याही छोट्या चाकांपेक्षा सोपे जाते, कारण भार मोठ्या तळावर पसरतो आणि ओल्या मातीवर तो सरकतो. टणक रस्ता आला की मात्र टब उचलावाच लागतो.

परतीचा दिवस अनेकदा अधिक कठीण असतो. पाणी-खाणे संपल्यामुळे भार कमी झालेला असतो, पण मैदान हजारो पायांनी मळलेले आणि अर्धवट वाळलेले, म्हणजे नेमके चिकट अवस्थेत असते. दर 40–50 पावलांवर थांबून फट मोकळी करत चालावे. डांबरी रस्त्यावर येताच टायरमध्ये पुन्हा हवा भरावी, नाहीतर मऊ टायरच्या कडा उरलेल्या अंतरात रिमखाली चेपून फाटतात.