इझलिन नक्की कुणाचं? थोडी पार्श्वभूमी

ओक ट्री रोडवर गणपतीची मूर्ती, भाकरीचं पीठ नाहीतर लग्नाचे दागिने घ्यायला गेलेला न्यू जर्सीतला मराठी माणूस घरी येऊन "एडिसनला जाऊन आलो" असंच सांगतो. बऱ्याचदा तो एडिसनला गेलेलाच नसतो. एडिसनची हद्द रस्त्यात मध्येच संपते, तिथे कमान नाही की काही नाही, दुकानांची रांग तशीच पुढे चालू राहते, आणि गार्डन स्टेट पार्कवे या हायवेच्या बाजूचा जो तुकडा येतो तो इझलिन. नवीन आलेले लोक स्पेलिंग बघून आयसेलिन म्हणतात, चालतं.

आता इझलिनला महापौर नाही, कौन्सिल नाही, स्वतःचं टाऊन हॉल नाही. हे सगळं वुडब्रिज टाऊनशिपचं, टाऊनशिप म्हणजे इथली एक प्रकारची नगरपालिका. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल वुडब्रिजचं, शाळा वुडब्रिजच्या डिस्ट्रिक्टच्या, पोलीस वुडब्रिजचे. कोथरूडला जसा वेगळा महापौर नसतो, पुणे महापालिकाच असते, साधारण तसंच. पण नेटवर कुठेही बघा, इझलिनच्या पुढे 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी' लिहिलेलं असतं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

कारण अमेरिकेत बाकी ठिकाणी या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न घ्या, तिथे पण आपले लोक भरपूर आहेत, ते खरोखर अनइन्कॉर्पोरेटेड आहे म्हणजे मध्ये कुठली नगरपालिकाच नाही, थेट काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, कारभार बघते. न्यू जर्सीत असं होऊच शकत नाही. इथे राज्यातली इंच न इंच जमीन कुठल्या ना कुठल्या म्युनिसिपालिटीत आहेच, आणि अशा म्युनिसिपालिट्या ५६४ आहेत, एवढ्याशा राज्यात! त्यामुळे 'इझलिन कुणाच्याच हद्दीत नाही, तिथे नियम नाहीत, टॅक्स कमी' असलं जे घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतं त्यात काही अर्थ नाही. इथे अनइन्कॉर्पोरेटेड म्हणजे एवढंच की नाव आहे, पोस्ट ऑफिस आहे, लोकांच्या डोक्यात वेगळी ओळख आहे, पण कायद्याच्या दृष्टीने हा टाऊनशिपचा एक भाग.

त्यात जनगणनेने अजून एक भानगड घातली. अशा बिननगरपालिकेच्या वस्त्या १९५० पासून वेगळ्या मोजायला लागले आणि १९८० ला त्यांना 'सेन्सस डेझिग्नेटेड प्लेस', म्हणजे सीडीपी, हे नाव मिळालं. सीडीपीची हद्द फक्त आकडेवारीसाठी असते, तिच्यावर ना टॅक्स बसतो ना मतदान होतं. इझलिनची सीडीपी तीन चौरस मैलांपेक्षा थोडी मोठी. पण पोस्टाची ०८८३० ची हद्द वेगळी, सीडीपीची वेगळी, आणि लोक ज्याला इझलिन म्हणतात ते तिसरंच, म्हणून 'इझलिनची लोकसंख्या किती' याचं उत्तर कुठली रेघ धरता त्यावर बदलतं. फायर डिस्ट्रिक्ट, म्हणजे अग्निशमनाचे विभाग, मात्र इथले स्वतःचे आहेत, त्यांचे कमिशनर मतदानाने निवडले जातात आणि त्यांचा कर टॅक्सच्या बिलात वेगळा दिसतो. इझलिन म्हणून काही सरकारी अस्तित्व शोधायचंच असेल तर ते तेवढंच.

मग वेगळं गाव झालं का नाही? वुडब्रिज हे राज्यातल्या सगळ्यात जुन्या टाऊनशिपांपैकी, १६६९ च्या सनदेचं, आणि तेव्हा ते प्रचंड मोठं होतं. नंतर त्याचे लचके तुटत गेले. १८५८ ला राहवे शहर वेगळं झालं, १८७० ला पश्चिमेकडचा भाग आणि पिस्कॅटवेचा थोडा भाग मिळून रॅरिटन टाऊनशिप झाली, १९०६ ला रूझवेल्ट बरो (बरो म्हणजे छोटी वेगळी म्युनिसिपालिटी) फुटलं ज्याला आज कार्टरेट म्हणतात. १८९४ च्या शाळांच्या कायद्यानंतर तर राज्यभर वेगळं बरो काढायची साथच आली होती, कारण बरो झालं की शाळेचा पैसा आपल्या हातात. पण तेव्हा इझलिन म्हणजे शेतं, थोडी घरं आणि एक छोटं रेल्वे स्टेशन. आधी पेरीटाऊन, मग युनियनटाऊन अशी नावं होती, १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बँकरचं नाव लागलं. इतक्या छोट्या वस्तीने वेगळं होऊन करायचं काय? आणि वस्ती खरी वाढली तोपर्यंत ती साथ ओसरली होती. माझ्या मते एवढंच कारण आहे, उगाच मोठं राजकारण शोधू नये.

मला यात १८७० ची रेघ सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्या पलीकडच्या रॅरिटन टाऊनशिपने १९५४ ला नाव बदलून एडिसन केलं, थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची ती प्रसिद्ध प्रयोगशाळा त्यांच्याच हद्दीत होती म्हणून. प्रयोगशाळेची जागा इझलिनला अगदी खेटून आहे, पण नाव पलीकडे गेलं आणि नावाबरोबर पुढची सगळी प्रसिद्धी पण.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या रांगा उठल्या आणि पन्नाशीच्या दशकात गार्डन स्टेट पार्कवे आला, १३१ नंबरचं एक्झिट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. १९७१ ला मेट्रोपार्क स्टेशन सुरू झालं, हायवेवरून या, गाडी लावा, ट्रेन धरा अशा हिशोबाने बांधलेलं. न्यूयॉर्क तिथून साधारण २५ मैल. इझलिनचं जुनं छोटं स्टेशन त्यानंतर बंद पडलं. आसपास ऑफिसच्या काचेच्या इमारती आल्या आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आलेले इंजिनियर, डॉक्टर, पुढे १९९० नंतरचे एच-वन-बी वाले, या सगळ्यांना ट्रेन, हायवे आणि झेपणाऱ्या किमतीचं घर एका जागी मिळालं. मोठे मॉल झाल्यावर ओक ट्री रोडवरची जुनी दुकानं पडझडीला आली होती, भाडं कमी होतं, तिथे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी साड्या, वाणसामान, सोनं असं एकेक सुरू झालं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं आज इंडिया डे परेडचे फोटो बघून वाटतं, तसं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत दुकानांच्या काचा फुटल्या, शेरेबाजी झाली. जर्सी सिटीत १९८७ ला भारतीयांवर हल्ले झाले होते, ती भीती ताजी होती. शेजारच्या एडिसनमध्ये नव्वदच्या दशकात गरब्याच्या वेळेवरून वाद थेट फेडरल कोर्टात गेला. नंतर धंद्याने सगळ्यांची तोंडं बंद केली.

२००० च्या जनगणनेत इझलिनची लोकसंख्या १६,७०० च्या आसपास होती, २०१० ला १८,७०० च्या आसपास, आणि तेव्हाच आशियाई लोक निम्म्याच्या जवळ पोचले होते, त्यात बहुतेक भारतीय. यात गुजराती, तेलुगू जास्त, मराठी लोक आहेत पण आपली मंडळी बऱ्यापैकी प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविककडे पांगलेली, खरेदीपुरती इकडे येणारी.

हद्दीचा प्रश्न कागदावरच राहतो असंही नाही. ऑगस्ट २०२२ मधल्या इंडिया डे परेडमध्ये बुलडोझर आणला गेला, त्यावरून मोठा गदारोळ झाला, मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि आयोजकांना माफी मागावी लागली. परेड एकाच रस्त्यावरून गेली तरी दोन टाऊनशिपमधून गेली होती, त्यामुळे बोलावं लागलं ते दोन महापौरांना, एडिसनच्या आणि वुडब्रिजच्या. बातम्यांचे मथळे बहुतेक एडिसनच्या नावाने होते. पार्किंग, पाट्या, दुकानांचे परवाने यांचंही तेच आहे, हद्दीच्या या बाजूच्या दुकानदाराला वुडब्रिजच्या ऑफिसात जावं लागतं, त्या बाजूच्याला एडिसनच्या. मेट्रोपार्कजवळ आता अपार्टमेंट वाढतायत, त्यांच्या परवानगीची सुनावणीसुद्धा वुडब्रिजलाच होते, तेव्हा कुणाला आक्षेप नोंदवायचा असेल तर एडिसनच्या ऑफिसला ईमेल पाठवून उपयोग नाही.