रात्री नऊ वाजता तापलेला स्लॅब

सांगलीतला एक वृद्धाश्रम, मे महिना. वरच्या मजल्यावर एक आजी स्वेटर घालून बसल्या होत्या. "आजी, उकडत नाही का?" "नाही रे बाळा, अंग गारच लागतंय." रात्रीचे नऊ वाजले होते. बाहेर अंगणात छान वारा सुटला होता आणि खोलीतल्या भिंतीवरचं थर्मामीटर 36 अंश दाखवत होतं.

आजी खरंच बोलत होत्या. वयाबरोबर गारवा-उष्मा ओळखण्याची त्वचेची जाण बोथट होते. घाम उशिरा येतो, तोही कमी. 1 लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घामच आटला तर ही वाट बंद. मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवून अंग निववायचं, तर थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही. तहानही नीट लागत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढून टाकतात. म्हणून विचारून भागत नाही, मोजावं लागतं. प्रत्येक खोलीत, खाटेच्या उंचीवर एक साधं थर्मामीटर हवंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण बाहेर वारा असताना खोली एवढी तापलेली का? कारण डोक्यावरचा स्लॅब. काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. दुपारचं ऊन रात्री छतातून खाली उतरतं. वर हात धरला की तळहाताला धग जाणवते. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा गरम झाली, की पंख्याचा उपयोग फक्त घाम वाळवण्यापुरता. घाम न येणाऱ्या माणसाला तो उलट तापवतो. अशा वेळी हातापायांवर, मानेवर ओलं फडकं फिरवून मग पंखा लावावा. नसलेल्या घामाचं काम ते पाणी करतं.

गच्चीला दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारला, तर बरंचसं ऊन परत फिरतं. खर्चाच्या मानाने याच्याइतका गुणकारी उपाय मला दुसरा दिसत नाही. खिडक्या रात्री उघड्या, ऊन चढायच्या आत बंद, पडदे ओढलेले. कूलर कोरड्या हवेत उत्तम. वळीव पडून गेला की दमट हवेत तो निकामी.

फ्रान्समध्ये 2003 च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे 15,000 माणसं दगावली, बहुतेक वृद्ध. त्यानंतर तिथे वृद्धाश्रमात निदान एक थंड केलेली खोली सक्तीची झाली. सगळ्या खोल्यांना एसी आपल्याकडे परवडणार नाही, पण तळमजल्यावरचा एक हॉल गार ठेवून दुपारी सगळ्यांना तिथे बसवणं जमण्यासारखं आहे. पाणी, ताक मागायची वाट न बघता ठरल्या वेळी हातात द्यावं. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय, त्यांचं डॉक्टरांना विचारून.

आणि एरवी बोलके आजोबा दुपारी गप्प झाले, असंबद्ध बोलू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. आधी अंगाला हात लावून बघा, गार जागी हलवा, ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.