जनगणनेची सूची म्हणजे कुलवृत्तांत नव्हे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात कुलवृत्तांताचं काम केलेली माणसं हमखास भेटतात. यातली काही मंडळी निवृत्तीनंतर घरबसल्या परदेशातल्या जुन्या जनगणनांचं इंडेक्सिंग, म्हणजे हस्तलिखित पानांवरची नावं टाइप करून त्यांची शोधता येईल अशी सूची करण्याचं काम, करू लागली आहेत. इंग्रजी चांगलं, जुनं हस्ताक्षर लावायची सवय, चिकाटी, सगळं जमेचंच. पण शेजारी बसून त्यांनी भरलेलं पान पाहावं, तर कुणाचं वय बदललेलं, कुणाच्या नावाचं स्पेलिंग ‘सुधारलेलं’. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘‘अहो, मुळातच चूक होती, म्हणून नीट केली.’’ हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कुलवृत्तांत तुम्हाला माहीत आहे. घरोघर पत्रं पाठवायची, शाखा जुळवायच्या, दत्तक कुठून कुठे गेला ते पाहायचं, दोन आत्यांनी एकाच पणजीची दोन नावं सांगितली की एक खोडायचं. शेवटी छापलं जातं ते संपादकाचं मत. निवाडा न करणारा संपादक तिथे काय कामाचा?

सूचीकाराचं काम याहून फार मर्यादित. पडद्यावर एकीकडे जुन्या पानाचं छायाचित्र, दुसरीकडे रकाने: नाव, आडनाव, वय, जन्मस्थळ. पानावरचं वाचायचं, रकान्यात टाइप करायचं. अमेरिकेची 1940 ची जनगणना गोपनीयतेची 72 वर्षांची मुदत संपल्यावर 2 एप्रिल 2012 ला खुली झाली तेव्हा लोकांच्या हाती नुसती छायाचित्रं आली. माणूस कुठल्या वस्तीत राहायचा हे ठाऊक असेल तरच तो सापडायचा. 13 कोटींहून जास्त नावांची सूची स्वयंसेवकांनी काही महिन्यांत केली आणि मग नाव टाकून शोधता येऊ लागलं. 1950 ची जनगणना 1 एप्रिल 2022 ला आली, तेव्हा नावं आधी यंत्राने वाचली आणि माणसं तपासायला बसली. नियम मात्र दोन्ही वेळी एकच: पानावर आहे ते लिहा.

हा नियम सगळे मान डोलावून ऐकतात आणि पहिल्या विसंगतीला मोडतात. अमेरिकेच्या 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना, जन्माचं वर्ष आणि वय असे तिन्ही रकाने आहेत. मोजणीची तारीख 1 जून. समजा एका बाईपुढे मे 1864 लिहिलंय आणि वय 34. हिशेबाने 36 हवं. कुलवृत्तांतवाल्याचा हात इथे शिवशिवतो: 34 चे 36 करू, की 1864 चं 1866? काहीच करू नका. वर्षाच्या जागी 1864, वयाच्या जागी 34, आणि पुढची ओळ. मोजणीदाराचा हिशेब चुकला असेल, शेजारणीने अंदाजाने सांगितलं असेल, बाईनेच वय चोरलं असेल. यातलं नेमकं काय झालं ते त्या एका पानावरून ठरत नाही. ते ठरवील तिचा पणतू, ज्याच्याजवळ तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, लग्नाचा दाखला आहे. त्याला ही विसंगती दिसायला हवी. तुम्ही ती गुळगुळीत करून ठेवलीत, तर पुढे शोध घ्यायचं कारणच त्याच्या लक्षात येणार नाही.

इंग्लंडची 1841 ची जनगणना याहून फसवी. पान उघडलं की मोठी माणसं 25, 30, 35, 40 अशीच दिसतात; मुलं मात्र 12, 9, 4. कुणालाही वाटेल, मोजणीदार आळशी होता. तसं नव्हतं. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहा, अशी सूचनाच होती; म्हणजे 34 चा माणूस 30 चा. काही मोजणीदारांनी ती पाळली नाही, म्हणून मधूनच एखादा 37 ही भेटतो. तो 37 च ठेवायचा. शिवाय त्या वर्षी घरातल्यांची नाती नोंदवलेलीच नाहीत. चाळीसचा पुरुष, खाली पस्तिसाची बाई, आडनाव एक. आपण लगेच नवरा-बायको म्हणून मोकळे होतो. बहीण-भाऊही असतील, दीर-भावजयही असतील. नात्याचा रकाना नसेल तर नातं लिहायचं नाही. घराणी जुळवण्यात आयुष्य घालवलेल्यांना हेच सर्वांत जड जातं.

याचं दुसरं टोकही पाहण्यात आहे. ‘जसंच्या तसं’ हा शब्द मनावर घेऊन काही जण अक्षरांची आकृती नकलतात. जुन्या इंग्रजी वळणात जोडीने येणाऱ्या दोन ‘एस’पैकी पहिला लांब काढायचे, तो हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. मग ‘रॉस’ आडनावाचं ‘रॉफ्स’ होतं. लांब ‘एस’ हाही ‘एस’च. तो ओळखणं म्हणजे दुरुस्ती नाही, ते वाचन आहे. आडनावाखाली खुणेची रेघ किंवा दोन टिंबं असतील तर वरचं आडनाव पुन्हा लिहायचं, कारण मोजणीदाराला तेच म्हणायचं होतं. पण ‘डब्ल्यू’च्या डोक्यावर बारीक ‘एम’ असेल तर बहुतेक प्रकल्पांत ती दोनच अक्षरं टाइप करायची, विल्यम करायचं नाही. प्रकल्पागणिक सूचना बदलतात, म्हणून त्या आधी वाचा. न वाचता बसणाऱ्यांबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या संकेतस्थळावर एक अक्षर लागलं नाही तर प्रश्नचिन्ह, बरीच लागली नाहीत तर तारांकन. कोरा रकाना आणि न लागलेला रकाना यांच्या खुणा वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

‘‘मग चुकीचं स्पेलिंग ठेवलं तर सापडणार कसं?’’ ही शंका रास्त आहे, तिचं उत्तरही जुनं आहे. सारख्या उच्चाराची आडनावं एका संकेतांकाखाली आणणारी साउंडेक्स पद्धत 1918 मध्ये पेटंट झाली. 1930 च्या दशकात अमेरिकेत याच पद्धतीने 1880, 1900 वगैरे जनगणनांच्या सूच्या झाल्या, त्या वृद्धांना पेन्शनसाठी वयाचा पुरावा मिळावा म्हणून; त्यामुळेच 1880 ची सूची फक्त दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांपुरती आहे. स्मिथ आणि स्माइथ तिथे एकाच कप्प्यात पडतात. स्पेलिंगची तफावत सांभाळणं हे शोधयंत्राचं काम, तुमचं नव्हे. आपल्याच बडोद्याच्या राजघराण्याचं आडनाव जुन्या इंग्रजी कागदांत ‘ग्विकोवार’, ‘गायकवार’ असं नाना तऱ्हांनी येतं. कुणी परस्पर सगळीकडे ‘गायकवाड’ करून टाकलं, तर कुठल्या काळी कोण कसं लिहायचं हे कळायला जागाच उरणार नाही. ज्यांना सुधारल्याशिवाय राहवतच नाही, त्यांनी ब्रिटनच्या जुन्या जनगणनांची सूची करणाऱ्या फ्रीसेन प्रकल्पात जावं. तिथे जन्मगाव पानावर आहे तसं लिहायला एक रकाना आणि पर्यायी रूपासाठी दुसरा रकाना आहे. मला ही व्यवस्था सर्वांत आवडते.

बाकीचे फरक किरकोळ. कुलवृत्तांताला वर्गणी काढावी लागते, इथे पैशांचा संबंध नाही. तिथे संपादक म्हणून नाव छापतात, इथे नाही.

आणि दर वेळी येणारा प्रश्न: ‘‘आपल्या बडोदा संस्थानाच्या जनगणनेत पणजोबांचं नाव शोधून द्या ना.’’ नाही मिळणार. संस्थानाच्या जनगणनेचे छापील अहवाल आहेत, 1901 चा जमशेदजी अर्देशीर दलाल यांचा, 1911 चा गोविंदभाई देसाई यांचा. ते जरूर वाचा. 1891 मध्ये 24,15,396 असलेली संस्थानची वस्ती 1901 मध्ये 19,52,692 वर आली होती. 1899-1900 च्या छप्पनियो दुष्काळाने काय केलं ते त्या तक्त्यांत दिसतं. पण ते तक्ते आहेत; धर्म, जात, धंदा, वय यांच्या बेरजा. घरवार नावं त्यांत नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांचे कागद तर 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमाने पाहायलाच बंदी आहे, आणि अमेरिकेसारखी ठराविक वर्षांनी खुले करायची तरतूद त्यात नाही. पणजोबा हवे असतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाठा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्चने घेतलेली आहेत. घराण्यातलं कुणी तिकडे यात्रेला गेल्याचं ठाऊक असेल तर आधी तिथे बघा.