कॅलरी पेअर: मुळांसाठी आणलं, फुलांसाठी लावलं

१ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेच्या ओहायो राज्यात कॅलरी पेअर हे झाड विकायला आणि लावायला बंदी आहे. पाठोपाठ २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायनानेही त्याची विक्री थांबवली. न्यू जर्सी-मेरीलँडकडच्या मराठी घरांना हे झाड नावाने नसलं तरी पाहून माहीत असेल. वसंताच्या सुरुवातीला ते पांढऱ्या फुलांनी गच्च भरतं आणि जवळ गेलं की सडक्या मासळीसारखा वास येतो. इतक्या हौसेने लावलेल्या झाडावर ही वेळ का आली, याचं उत्तर शंभर वर्षांमागच्या एका रोगात आहे.

नासपतीची ही रानजात मूळची चीन आणि व्हिएतनामची. फळ जेमतेम सेंटीमीटरभर, तपकिरी आणि टणक. कॅलरी नावाच्या धर्मप्रसारकाने एकोणिसाव्या शतकात तिचे नमुने चीनहून युरोपात पाठवले, म्हणून हे नाव. चीनमध्ये खाण्याच्या नासपतीची कलमं तिच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, बांधतात. आपल्या हिमाचल-उत्तराखंडात हेच काम कैंथ किंवा मेहल ही तिथली रानटी नासपती करते.

अमेरिकेलाही खुंटच हवा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या नासपतीच्या बागा ‘फायर ब्लाइट’ने खलास होत होत्या. जिवाणू फुलातून शिरतो, कोवळा शेंडा आकड्यासारखा वाकतो, पानं भाजल्यासारखी काळी पडतात आणि गळतही नाहीत, तशीच लटकून राहतात. ऑरेगनमधल्या संशोधन केंद्रात फ्रँक रायमर यांनी कितीतरी जातींना मुद्दाम या रोगाची लागण करून पाहिली. त्यांत कॅलरी चांगलीच तग धरून राहिली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हा हिशेब उलगडून सांगायला नको. डॉगरिज हा अमेरिकी रानद्राक्षाचा खुंट आपण असाच घेतला.

बियाणं गोळा करायला अमेरिकी कृषी खात्याने फ्रँक मेयर यांना चीनला पाठवलं. मेयर लिंबू ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे. हुबेई प्रांतात हे झाड कोरड्या, नापीक डोंगरउतारावर वाढतं आणि तळ्याकाठी मुळं पाण्यात बुडालेली असतानाही वाढतं, हे पाहून ते थक्क झाले. तसं त्यांनी कळवलंही. ती नोंद आज वाचली की धोक्याची सूचनाच वाटते, पण त्या वेळी तो निव्वळ गुण होता. जून १९१८ मध्ये यांगत्से नदीवरच्या बोटीतून मेयर नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला.

चीनमधून आलेल्या बियांची रोपं मेरीलँडमधल्या ग्लेन डेलच्या सरकारी केंद्रातही वाढली. त्यांतल्या एका बिनकाट्याच्या, डेरेदार झाडाकडे १९५० च्या दशकात जॉन क्रीच यांचं लक्ष गेलं. त्याची कलमं झाली, केंद्राचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड यांचं नाव मिळालं आणि १९६० च्या दशकात ते बाजारात आलं. नव्या वसाहतींना हवं ते सगळं त्यात होतं: लवकर वाढ, कीड-रोग कमी, कुठल्याही मातीत तग. शिवाय फळांचा कचरा नाही, कारण या जातीत स्वतःच्या परागाने फळ धरत नाही आणि ब्रॅडफर्डचं प्रत्येक झाड हे एकाच झाडाचं कलम.

पुढे दोष दिसला. सगळ्या फांद्या खोडावर एकाच जागी, अरुंद कोनात फुटतात; पंधरा-वीस वर्षांत वादळात झाड उभं चिरतं. उपाय म्हणून रोपवाटिकांनी ॲरिस्टोक्रॅट, क्लीव्हलँड सिलेक्ट असे वेगळे वाण आणले. माझ्या मते खरी चूक इथे झाली. एकेकटा प्रत्येक वाण वांझ, पण दोन वाण शेजारी आले की एकमेकांचे पराग मिळतात आणि फळं लगडतात. कलमाखालचा खुंट वेगळ्या रोपाचा असतो; त्याचे फुटवे वेळेवर काढले नाहीत, तर तेही फुलतात आणि तेवढ्यानेही काम होतं. साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग ही फळं खातात आणि बी माळावर, रस्त्याकडेला, पडीक शेतात पडतं. उगवणाऱ्या पिढीला काटे परत येतात, ट्रॅक्टरचा टायर फाडतील असे, आणि दाट जाळीखाली स्थानिक रोपांना ऊन मिळत नाही.

साउथ कॅरोलायनात आता घरचं झाड तोडल्याचा फोटो दाखवला की बदल्यात स्थानिक झाडाचं रोप फुकट मिळतं. मात्र नुसतं तोडून भागत नाही. बुंध्याला लगेच तणनाशक लावावं लागतं, नाहीतर त्याच मुळांवरून पुन्हा जोमदार फुटवे येतात.